थोरल्याच्या हातचा दगड

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर, लेस्टेरच्या किनाऱ्यावर युलाली कडजो गेली एकतीस वर्षं शंखाच्या मांसाची भजी आणि लिंबाचं सरबत विकते. एवढ्या वर्षांत तिने पर्यटकांचे तीन प्रकार पाडले आहेत. पहिला, शिडाच्या बोटीतून उतरून "खरं बेट बघायला कुठे मिळेल?" असं विचारणारा, जणू पायाखाली आहे ते खोटं. दुसरा, काहीही न विचारता दिवसभर उन्हात पडून उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होणारा. हा तिचा आवडता, कारण तो सरबत फार पितो. आणि तिसरा, इथेच जन्मलेला. या तिसऱ्याचा विषय निघाला की ती कढईवर झारा जरा जोरातच आपटते.

तिच्या घरातच असा एक निपजला होता. सेल्विन, तिचा थोरला भाऊ. एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडात हडर्सफील्डला गेला, तिथे कापडाच्या गिरणीत लागला, मग बस चालवू लागला, मग बस चालवणाऱ्यांवर ओरडण्याची नोकरी मिळाली. बेचाळीस वर्षांत तो तीनदा घरी आला. आई, म्हणजे मा फिलो, शेवटची नऊ वर्षं अंथरुणाला खिळली होती. त्या नऊ वर्षांत सेल्विन दर रविवारी न चुकता फोन करायचा आणि युलालीला सांगायचा, "आईला कुशीवर वळवत जा गं, नाहीतर पाठीला जखमा होतात." उंटावरून शेळ्या हाकणारे आम्हीही पाहिले आहेत, पण हा अख्ख्या अटलांटिकपलीकडून हाकत होता.

आई गेली तेव्हा त्याचा गुडघा दुखत होता. त्याने फुलांचं चक्र पाठवलं. ते शेजारच्या ग्रेनाडा बेटाहून बोटीने आमच्या धक्क्याला लागेपर्यंत आईला पुरून चार दिवस झाले होते. चक्राच्या फितीवर 'तुझ्या लाडक्याकडून' असं छापलेलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, हेच युलालीचं दुखणं.

आता आमच्या कारियाकूत माणूस गेल्यावर लगेच थडग्यावर दगड लावत नाहीत. माती बसू द्यायची, पैसे जमू द्यायचे, भावाभावांतली भांडणं शिळी होऊ द्यायची. कुणाला पाच वर्षं लागतात, कुणाला पंधरा. तोवर गेलेलं माणूस धड इकडे ना धड तिकडे असतं, आणि त्याला काही हवं असलं की स्वप्नात येऊन मागतं. मा फिलो सात वर्षं येत होती. जिवंतपणी पाणी मागायलाही संकोचणारी बाई मेल्यावर भलतीच तोंडाळ झाली. स्वप्नात दारात उभी राहायची आणि म्हणायची, "दगड कधी? सेल्विन कुठाय?" "युली, तू कशी आहेस?" असं सात वर्षांत एकदाही विचारलं नाही.

कडजो घराण्याचा नियम असा की आईबापाचा दगड थोरल्या मुलानेच घरातून उचलून बाहेर काढायचा. बाहेर काढताना दुसऱ्या कुणाचा हात लागला तर जाणारं माणूस जात नाही. टँटी ओलिव्ह, म्हणजे ओलिव्हमावशी, या नियमाची राखणदार. ती मा फिलोची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी, दात तीन, मतं तीनशे.

"थोरल्याच्या हाताशिवाय ती हलायची नाही," टँटी म्हणाली. "शंभर बोकड काप, नाहीतर पाद्र्याला उलटा टांग."

"म्हणजे मला झोप हवी असेल तर त्या साहेबाला बोलवायचं?"

"झोप तुझी, भाऊ तुझा. माझं काय, मी मस्त झोपते."

युलालीने फोन केला. चाळिशीपासून तिची झोप आईच्या खोकल्यावर टांगलेली होती आणि आई गेल्यावर आईच्या प्रश्नांवर. तिला आता फक्त एक सबंध झोप हवी होती.

आणि सेल्विन आला. फेब्रुवारीत, म्हणजे तिकडे बर्फ पडतो तेव्हा. बायको मॉरीनसकट टेकडीवरच्या हॉटेलात उतरला. अंगात पोपटांचा सदरा, डोक्यावर गवती टोपी, आणि मनगटावर हॉटेलने बांधलेली नारिंगी पट्टी, बाजारात बकऱ्यांना बांधतात तशी. बहिणीच्या अंगणात पाऊल टाकल्यावर त्याने आधी बकरीचा फोटो काढला, मग बहिणीचा. युलालीने पाणी दिलं तर म्हणाला, "नको, माझी बाटली आहे. इथलं पाणी आता पोटाला सोसत नाही."

"बरोबर आहे," टँटी ओलिव्ह म्हणाली. "एकोणीस वर्षं प्यायलास ना, त्याचीच बाधा झाली असेल."

सेल्विन हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.

मग युलालीने कामाचं काढलं. "रविवारी सकाळी दगड न्यायचा. तू उचलायचास."

"रविवारी?" सेल्विनने भुवया चढवल्या. "रविवारी आमची बोट आहे. ती प्रवाळाची बेटं बघायला. मॉरीनला कासवं बघायची आहेत, पैसेही भरलेत. आणि डॉक्टरांनी मला वजन उचलायला सक्त मनाई केली आहे. तू चार धट्टीकट्टी माणसं लाव ना. मी सकाळी येऊन फोटो काढून जातो."

"थोरलाच लागतो."

"अगं, या जुन्या समजुती! तिकडे लोक चंद्रावर जाऊन आले."

"गेले असतील," टँटी म्हणाली. "त्यांनीही जाण्याआधी आयांना नीट पुरलं असेल."

पण सेल्विन बधला नाही. जाताना त्याने युलालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या प्रेमाने म्हणाला, "तू सगळं नीट करशील, मला खात्री आहे," की तिला तो हात उचलून कढईत तळावासा वाटला.

शनिवारी सकाळी गवंडी दगड घेऊन आला. दगड म्हणजे पांढऱ्या संगमरवराची जाडजूड पाटी, उशीपेक्षा थोडी मोठी. रीतीप्रमाणे ती आईच्या खोलीत, आईच्याच पलंगावर निजवली, वर पांढरी चादर घातली, उशाशी मेणबत्ती लावली. येणारेजाणारे आत डोकावून "काय फिलो, बरी आहेस ना?" म्हणून जात होते. अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. बायका बोकड शिजवत होत्या, तूर निवडत होत्या. मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू घोटायचं काम युलालीकडे होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं ते तिला पटत नाही. रविवारच्या बोटीने ग्रेनाडाहून पन्नास माणसं यायची होती, पाद्री यायचा होता. फक्त थोरला तेवढा कासवं बघायला जाणार होता.

दुपारी बाराच्या उन्हात सेल्विन उगवला. हॉटेलची वीज गेली होती. खोलीतलं गार वारं बंद पडलं म्हणून मॉरीन पोहण्याच्या तलावात जाऊन बसली होती, आणि याला विमानप्रवासाची झोप अजून पुरी करायची होती.

"युली, जरा कुठे पाठ टेकू का? डोळे मिटायला लागलेत."

घरात पलंग दोनच. युलालीच्या पलंगावर भांडी, तुरीच्या गोण्या आणि टँटी ओलिव्हची टोपी होती. तिने कोपराने आईच्या खोलीकडे दाखवलं. खरं म्हणजे तिच्या मनात तेव्हा काही नव्हतं. तिला वाटलं, आत जाईल, दगड बघेल आणि शरमेने बाहेर येईल. माणसाबद्दल इतकी चांगली कल्पना करू नये.

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. सेल्विनच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मेणबत्ती पाहून त्याला वाटलं, इथेही वीज गेली आहे.

"युली!" आतून हाक आली. "पलंगावर हे काय ठेवलंय? फळी आहे का काय? जागाच नाही गं झोपायला!"

अंगणातली निवडणं, चिरणं सगळं थांबलं. टँटी ओलिव्हने क्रूसाची खूण करायला हात कपाळाला लावला तो तिथेच राहिला. युलालीने "अरे मेल्या, ती आई आहे!" असं ओरडण्यासाठी तोंड उघडलं. मग मिटलं. घोटणी कूकूत तशीच उभी रोवून तिने हात पदराला... पदर कुठला, आमच्याकडे झग्यालाच पुसतात, तर झग्याला हात पुसले आणि अगदी सहज आवाजात म्हणाली,

"अडचण होते आहे का? मग उचलून बाहेर आण."

टँटी ओलिव्हने तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिचे तिन्ही दात दिसू लागले.

डॉक्टरांची मनाई झोपेपुढे टिकली नाही. सेल्विन चादरीसकट दगड छातीशी कवटाळून, कण्हत, उलटा चालत बाहेर आला. उंबऱ्याला ठेचकाळला, सावरला आणि अंगणात उतरला. बसलेल्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. गवंड्याने टोपी काढली. हे सारं आपल्या मानासाठी चाललं आहे असं वाटून सेल्विन ओशाळं हसला.

"कुठे ठेवू?"

"ठेवू म्हणतोय!" टँटी ओलिव्ह किंचाळली. "जमिनीला टेकवलास तर तंगडी मोडून हातात देईन! घराबाहेर काढलेला दगड थडग्याशिवाय कुठे टेकत नाही, आणि परत आतही जात नाही. ज्याने काढला त्यानेच न्यायचा!"

चादर सरकली. सेल्विनच्या हनुवटीखाली नाव होतं, फिलोमीन कडजो, आणि खाली दोन सालं. त्याने ते वाचलं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण तोंड उघडंच राहिलं.

"युली... ही आई आहे."

"हो."

"आणि मी तिला... मी तिला बाजूला सारून झोपणार होतो."

यावर युलालीला बरंच काही म्हणता आलं असतं. बेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं. पण दगड त्याच्या हातात होता आणि तो जड होता, म्हणून ती फक्त म्हणाली, "चल. उन्हात उभा राहू नकोस तिला घेऊन."

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! बोकड अर्धा शिजलेला, पाद्री दुसऱ्या बेटावर, पाहुणे उद्याच्या बोटीत. ढोलवाला एकच सापडला, तोही अर्धवट दाढी करून धावत आला. पाद्र्यावाचून कसं करायचं असं कुणीतरी म्हणालं तर टँटी म्हणाली, "फिलोला मी चौऱ्याऐंशी वर्षं ओळखते. पाद्री गेल्या वर्षी बदलून आला. तो काय सांगणार देवाला?" आणि तीच रमची बाटली घेऊन रस्ताभर शिंपडत पुढे निघाली. थोडी रस्त्याला, थोडी स्वतःला.

दफनभूमी अर्धा मैल, सगळी चढण. पुढे टँटी, मागे पोपटांचा सदरा घातलेला, नारिंगी पट्टीवाला सेल्विन, त्याच्यामागे ढोल आणि पिठाच्या हातांच्या बायका. पहिल्या वळणावर त्याचे दंड थरथरू लागले. दुसऱ्या वळणावर गवंडी आपणहून पुढे झाला, नियमाकडे काणाडोळा करायला टँटीही तयार दिसली. पण सेल्विनने मान हलवली. "नको. मी नेतो." त्याची टोपी वाटेत पडली, ती बकरीने खाल्ली. थडग्यापाशी पोचल्यावर गवंड्याने त्याचे हात अक्षरशः सोडवून दगड घेतला, ओल्या सिमेंटात बसवला, आणि सेल्विन मातीत बसून मोठ्याने रडला. आमच्या गावाला रडणारा पुरुष फार आवडतो.

चढण उतरेपर्यंत कौतुकाला ऊत आला होता. "काय मुलगा आहे!" "एकट्याने नेला हो, इंग्लंडहून येऊन!" "असा एक जरी पोटी आला तरी जन्माचं सार्थक!" अंगणात पोचेपर्यंत अर्ध्या मैलाचे दोन मैल झाले होते.

युलाली करपलेलं कूकू खरवडत ते ऐकत होती आणि तिचा जळफळाट होत होता. अर्धा मैल! नऊ वर्षं रोज सकाळी तिने आईला पलंगावरून खुर्चीत आणि रोज संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर उचलून ठेवलं होतं. तेव्हा कुणी ढोल वाजवला नव्हता.

सेल्विन येऊन चुलीजवळच्या ओंडक्यावर बसला. तिने पाण्याचा पेला दिला. घरचंच पाणी, पण त्याला बाटलीची आठवण राहिली नव्हती. हात इतके कापत होते की अर्धं पाणी सदऱ्यावरच्या पोपटांनी प्यायलं.

"फार जड होती गं," तो म्हणाला.

"हो," युलाली म्हणाली. "शेवटी शेवटी नुसती हाडं उरली होती. तरी जड होती."

त्याने मान वर करून तिच्या दंडांकडे पाहिलं. मग पेला खाली ठेवला आणि तिच्या हातातलं करपलेलं पातेलं घेऊन स्वतः खरवडू लागला. वाईटच खरवडलं, पण तिने पुन्हा मागून घेतलं नाही.

रविवारी युलाली उठली तेव्हा ऊन दारात आलं होतं. ग्रेनाडाची बोट लागली होती, पन्नास पाहुणे आणि पाद्री, ज्याच्यासाठी आले ते कालच उरकल्याचं ऐकून, जेवणाकडे डोळे लावून अंगणात बसले होते. मॉरीन एकटीच कासवं बघायला गेली होती.

टँटी ओलिव्हने युलालीला न्याहाळलं. "झोपलीस वाटतं. आली होती का काल?"

"नाही."

"स्वप्नात नाही? दारात नाही?"

"कुठेच नाही."

"मग झालं तर! गेली. सुटलीस बाई!" टँटीने टाळी वाजवली.

"हो," युलाली म्हणाली. ती घरामागे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेली, पालथ्या बादलीवर बसली आणि हमसून हमसून रडली. सात वर्षांपूर्वी पुरलं तेव्हा ती रडली नव्हती, तेव्हा कामं होती. आणि त्यानंतर सात वर्षं, युलालीने शिव्या घातल्या, तिची झोपमोड झाली, पण आई रोज येत तरी होती. आज ती खरोखर गेली होती, थोरल्याच्या हातांनी, आणि जाताना युलालीला सांगूनही गेली नव्हती.