चौदा नंबरचा दिवा

महाळुंग्याच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात नेटवर्कमधलं कळतं ते फक्त गणराज शेवाळेला, असं सगळे मानत. त्यालाही तसंच वाटे. उदगीरहून आला तेव्हा तो वायरी ओढायचा. सात वर्षांत, कंत्राटी का होईना, 'सर' झाला. त्या दोन अक्षरांना तो जिवापाड जपे.

कपाटातल्या स्विचसमोर, म्हणजे सगळ्या विभागांच्या वायरी जोडलेल्या, दर वायरीला नंबरी दिवा असलेल्या डब्यासमोर, उभा राहून तो नव्या लोकांना शिकवे, "दिवा पेटला म्हणजे जोडणी आहे. लुकलुकला म्हणजे माहिती चाललीय." खरंच होतं ते. फक्त कुणाची माहिती, हे दिवा सांगत नाही. आणि ते बघायची तसदी गणराजने बरीच वर्षं घेतली नव्हती.

रविवारी साफसफाईसाठी त्याने सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. सोमवारपासून पॅकिंगचे आकडे ऑफिसात येईनात. पॅकिंगमध्ये हिंगोलीची दिव्या खोक्यांवर स्कॅनर धरायची. ती सांगत होती की दर खोक्याला आवाज तर येतो. गणराजने पॅकिंगमध्ये जाऊन पाहिलंच नाही. त्याने स्विचवर पॅकिंगचा चौदा नंबर पाहिला. हिरवा, लुकलुकणारा.

"लाइन ठणठणीत आहे," तो साहेबांना म्हणाला. "पोरगी स्कॅनच करत नाही."

मंगळवारी ठेकेदाराने दिव्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

बुधवारी सकाळी कँटीनचा टीव्ही दुरुस्तीला नेला आणि चौदा नंबर विझला. गणराज कपाटाकडे धावला. कपाटामागे हात घातला, तर पॅकिंगची वायर तिथे लोंबत होती. रविवारी तिच्या जागी त्याने टीव्हीची नेटची वायर खुपसली होती. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून त्याने वायर बसवली. अर्धं मिनिट लागलं. दिव्याच्या जागी आलेल्या मुलीचे आकडे लगेच दिसू लागले आणि साहेबांनी गणराजची पाठ थोपटली. तेव्हा तरी बोलायचं! भित्रा माणूस, दुसरं काय म्हणायचं?

गुरुवारी दिव्या ओळखपत्र परत द्यायला आली. कुणाशी भांडली नाही. सरळ गणराजकडे गेली.

"सर, माझं नेमकं काय चुकलं ते सांगा न. दुसऱ्या कंपनीत तसं नको व्हायला."

गणराजने टेबलावरचा जादा स्कॅनर उचलला. तू बटण फार लवकर सोडत होतीस, तो म्हणाला. आवाज येतो, पण आकडा जात नाही. तोंडाला येईल ते सांगत होता. दिव्याने ते खरं मानलं. तिने स्कॅनर एका खोक्यावर धरला, बटण दाबलं आणि मनात तीनपर्यंत मोजलं.

"असं ना, सर?"

"मनगट थोडं खाली," गणराज म्हणाला, आणि तिच्याकडून आणखी चारदा करून घेतलं.