हार्ड डिस्कचा शंकरपट

वजनकाट्यावर सात वर्षं काढलेल्या माणसालाच खुर्चीची किंमत कळते. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी काट्यावर होतो, तेव्हा नाक शिंकरलं तरी काळं यायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालकांनी कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणला आणि टायपिंग येणारा मी एकटाच, म्हणून मला पंख्याखाली बसवलं. पुढे त्याची हार्ड डिस्क खरखरू लागली. दुप्पट वेगाची नवी मीच मागवायला लावली.

मालक सिहोऱ्याचे, शंकरपटाचे शौकीन. बैलांच्या शर्यतीत जे घड्याळ घेऊन उभे राहत, तेच घेऊन ते ऑफिसात आले.

"तोंडानं सांगू नको. दोन्ही पयवून पाहू. नवी हारली तं तू काट्यावर!"

जुन्या डिस्कने ट्रकांची यादी चाळीस सेकंदांत उघडली. नवीने सत्तर घेतले. ड्रायव्हर लोक पोट धरून हसले.

डिस्क बसवायला नागपूरहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "डिस्क चांगली आहे, गरगर फिरते. पण हा म्हातारा कॉम्प्युटर एक तुकडा वाचून सावरेपर्यंत पुढचा निघून जातो. मग तो परत फिरून येईस्तोवर थांबावं लागतं."

मालक उठलेच. "मंग असं सांग ना! म्हाताऱ्या बैलासंग गोऱ्हा जुंपला तुनं. त्या गोऱ्ह्याले जरा दम खाऊ दे!"

मेकॅनिकने नेमकं तेच केलं. म्हाताऱ्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून डिस्कवरचे तुकडे मध्ये जागा सोडून मांडले, माहिती पुन्हा भरली. अर्धा दिवस गेला. पुन्हा घड्याळ लागलं. बावीस सेकंद!

मी आनंदाने ओरडलो. मालक तर नाचलेच. जिंकलेल्या जोडीवर गुलाल पडलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म. कॉम्प्युटर चालू, झाकण उघडं. "मालक, नको!" म्हणेपर्यंत दोन मुठी गुलाल आत गेला होता. त्यावर त्यांनी नारळ फोडला आणि पाणीही वाहिलं. फट् आवाज झाला, धूर निघाला, पडदा विझला. मेकॅनिकने पेटी आवरली.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर. मालक येईल त्या ड्रायव्हरला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ह्या गड्यानं बावीस सेकंदांत पट मारला!" मला भयंकर राग येई. पण छातीही फुगे, आणि तिचा त्याहून जास्त राग येई.