तिघींत एक जोडी

मामेबहिणीच्या लग्नाला मी पिंपळगावला गेले, तेव्हा माझ्या पर्समध्ये डोळ्यांत घालायच्या राखाडी लेन्सची एक जोडी होती. मला चष्म्याचा नंबर नाही, मग डॉक्टर कशाला, म्हणून नाशिकच्या एका पार्लरमधून सरळ विकत आणलेली.

आमच्याकडे लग्नघरात बहिणींचं काहीच एकटीचं नसतं. नथ, शालू, बांगड्या, सगळं फिरतं. तशी ती जोडीही फिरली. मेंदीला मी घातली, हळदीला माझ्या धाकट्या बहिणीने, लग्नात नवरीने आणि घरी परतताना पुन्हा मी. मधे नळाच्या पाण्यात विसळली की झालं. हळदीनंतर एका लेन्सची कड पिवळी दिसत होती, तरी कोणी थांबलं नाही. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लग्नानंतर चौथ्या दिवशी माझा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. डॉक्टर भडकल्या. "लेन्स म्हणजे टिकली आहे का? आधी डोळे तपासायचे, पाणी लावायचं नाही आणि एकमेकींच्या तर कधीच घालायच्या नाहीत."

डोळा वाचला. जोडी मी फेकून दिली.

महिन्याभराने अल्बम आला. आईने पानं उलटली, पुन्हा मागे गेली. मेंदीतल्या माझ्या फोटोवर बोट ठेवलं, मग हळदीतल्या बहिणीच्या, मग नवरीच्या.

"ही कोण गं?"

"आई, या तिघी वेगळ्या आहेत. ही तर मीच."

"तुम्ही तिघी दिसताय मला," आई हळूच म्हणाली. "तुमच्या तिघींच्या डोळ्यांतून बघतेय ती कोण, ते विचारतेय."