सुहासिनीबाईंचं ‘शिवाय’

मुलुंडला डॉक्टर चित्र्यांचं छोटं नर्सिंग होम होतं आणि तिथली बिलं सुहासिनी गुप्ते लिहायच्या. बाई तोंडाने फटकळ, मनाने साफ. पेशंट दारात आला की आधी ओरडणार, "चपला बाहेर काढा हो, हे काय स्टेशन आहे?" आणि मग स्वतःच त्याला पंख्याखाली बसवणार.

भांडुपच्या एका कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं इथे यायची. बिल कामगाराने कारखान्यात लावायचं आणि खर्च कारखान्याने द्यायचा, पण तिथल्या ऑफिसला एक वाईट खोड होती. एकाच माणसावर एकाच दिवशी दोन उपचार झाले की दुसरा सरळ कापायचे. चुकून दोनदा लिहिला असणार म्हणे! आता सकाळी ताप दाखवून गेलेल्या माणसाने संध्याकाळी बोट कापून घेऊ नये, असा काही कायदा आहे का? शेवटी बाईंनी तोड काढली. दोन उपचारांच्या मध्ये त्या ‘शिवाय’ लिहायच्या. म्हणजे हे झालं, आणि ते वेगळं झालं. तिथल्या जुन्या साहेबांना हा शब्द पाठ झाला होता. बिलं झकास पास व्हायची आणि बाईंना आपल्या युक्तीचा कोण अभिमान!

चौऱ्याऐंशी साली ते साहेब रिटायर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या कारखान्यातल्या दत्ताराम परबची बायको जानकी सातव्या महिन्याची तपासणी करून घरी गेली, नळावर पाय घसरून पडली आणि संध्याकाळी रक्तबंबाळ कपाळ घेऊन परत आली. पोटातल्या बाळाला धक्का लागला नाही, नशीब! टाके मात्र घालावे लागले. बाईंनी नेहमीसारखं लिहिलं, ‘गरोदरपणाची तपासणी शिवाय कपाळाला टाके’, आणि पुढे दोन्हींचे पैसे मांडले.

पुढच्या आठवड्यात दत्ताराम आला तो चेहरा पाडूनच.

"बाई, माका कामावरसून बंद केल्यानी. खोटा बिल लावलंस असा म्हणतत. सोमवारी चौकशी आसा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं? माझं बिल खोटं? थांब रे, मीच येते तुझ्याबरोबर!"

डॉक्टर म्हणाले, "जा, बोलायचं ते बोला. लेखी मात्र काही देऊ नका. आपलं बिल चुकलं असं एकदा कागदावर आलं, की ते सगळे कामगार दुसरीकडे पाठवतील. मग मी काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं. नर्सिंग होम त्या कामगारांवरच चाललं होतं.

सोमवारी बाई तणतणत कारखान्यात गेल्या. नवे साहेब, श्यामसुंदर कोठारे, वयाने लहान आणि बोलायला मऊ. त्यांनी बिल पुढे ठेवलं.

"टाक्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तपासणी खोटी आहे. अक्षर तुमचंच ना? वाचा."

बाईंनी ठसक्यात वाचलं, "तपासणी. शिवाय, कपाळाला टाके."

"मी असं वाचलं," साहेब म्हणाले, "तपासणीशिवाय कपाळाला टाके. म्हणजे तपासणी न करताच. मग तिचे पैसे या परबांनी मागितले कसे?"

बाईंनी बिल जवळ ओढून पुन्हा वाचलं. मध्ये ना पूर्णविराम, ना धड जागा. साहेब म्हणत होते तसंही ते वाचता येत होतं. "अगं बाई गं!" त्या पुटपुटल्या.

आधीच्या साहेबांना बरं कळत होतं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दाराशी दत्ताराम जमिनीकडे बघत उभा होता. घरात बाळंतपण दोन महिन्यांवर आलेलं आणि माणूस माझ्या मिजाशीपायी चोर ठरतोय, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, चूक माझी आहे. याची नाही."

"तोंडी चालत नाही, बाई. नर्सिंग होमतर्फे लेखी लागेल."

"द्या कागद."

तपासणी सकाळी झाली, टाके संध्याकाळी घातले, दोन्ही खरं आणि चुकीचं लिहिलं ते मी, असं त्यांनी लिहून खाली सही केली.

"डॉक्टरांना चालेल?" साहेबांनी विचारलं.

"नाही चालणार."

दत्तारामला त्याच दिवशी कामावर घेतलं. आत जाण्याआधी तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी घरी तुमका शिव्या घातलंय. वाटला, तुम्हीच मुद्दाम जास्त लावलास."

"बरं केलंस. मीही घातल्या असत्या. जा आता, पाळी सुरू होईल."

परत आल्यावर त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी नको म्हटलं होतं, सुहासिनीबाई. आता मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

बाई घरी जाताना रस्त्यावर रडल्या, कोण बघतंय याची पर्वा न करता. घरी कसं सांगायचं, याची भीती वाटत होती. पण तो कागद लिहून द्यायला नको होता, असं त्यांना तेव्हाही वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही.