मीठ कुठं हाय?

ताईबाईच्या चटणीची पुडी उघडायच्या आधीच कागदाला तेल सुटलेलं असायचं. वरून थेंबभरही तेल न घालता, नुसत्या शेंगदाण्याचं. भाजलेले दाणे, लसूण, जिरं आणि तिखट उखळात घालून ती मुसळ अशा बेतानं चालवायची की दाण्याचं पीठ होत नसे, आणि तेल मात्र सुटे. मीठ अगदी शेवटी. "आदी मीठ घातलं की लसणाला पानी सुटतं, मग चार दिसांत वास मारतो," असं ती म्हणायची.

आमच्या कळसमध्ये चटणी घरोघर होते. पण तिच्यासारखी कुणाची होत नाही, हे सगळं गाव मान्य करतं. निदान जेवताना तरी करतं.

ताईबाई आता पासष्टीची असेल. उंच, काटक, बोटं तिखटानं कायमची तांबूस झालेली. नवरा श्रीपती माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरीला होता, आठवड्याला घरी यायचा. तो वारल्यावर ही रडत बसली नाही, उखळापाशी बसली. जीभ तिखटच. एकदा ग्रामसभेत तिनं सरपंचांना गावच्याच टाकीतलं गढूळ पाणी पेल्यात भरून दिलं आणि म्हणाली, "घ्या, आदी तुमी प्या. मग आमी पितो." महिन्याभरात टाकी धुतली गेली.

आणि मी आसावरी, प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. ताईबाई मला 'बाई' म्हणते, कारण वीस वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात ती माझ्याकडे चार महिने आली होती. मला नियमांची भारी आवड. आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर ठळक अक्षरात चिठ्ठी आहे: साखर, रवा, हळद, मीठ. आमचे हे म्हणतात, एक दिवस तू माझ्या कपाळावरही चिठ्ठी डकवशील. अशा बाईच्या हातून जे घडलं, ते आता सांगते. सांगितल्यानं हलकं वाटेल अशी आशा होती, पण तीही आता उरलेली नाही.

सात वर्षांपूर्वी आमचा बचत गट निघाला आणि मी अध्यक्ष झाले. घरी केलेला पदार्थ बाहेर विकायचा तर काय काय लागतं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण बारामतीला होतं. तिथून मी वही भरून आणली आणि बैठकीत एकेक नियम वाचून दाखवला. नखं कापलेली हवीत. डोक्याला फडकं हवं. प्रत्येक भांड्याला झाकण. घरात कुणाला जुलाब झाले असतील तर त्या दिवशी काम बंद. धंदा लहान असला तरी अन्न खात्याकडे नोंदणी करायची. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, हिरवा ठिपका, नोंदणीचा क्रमांक, आणि ज्याच्या घरी पदार्थ तयार होतो त्याचं नाव आणि पत्ता. "यातला एक जरी नियम मोडला, तरी ती गिऱ्हाइकाशी लबाडी," असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ताईबाईची चटणी घेऊन मी बारामतीच्या एका दुकानदाराकडे गेले. त्यानं चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि विचारलं, "कुणाच्या घरची?"

मी म्हणाले, "आमच्याच."

एवढंच. त्यानं जात विचारली नव्हती, आळी विचारली नव्हती. त्याला बहुधा नुसतं नाव हवं होतं. पण ताईबाई बौद्ध, तिचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत, हे कळलं तर माल उचलला जाणार नाही, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

नोंदणीचा अर्ज भरताना 'पदार्थ तयार होण्याची जागा' असा रकाना आला. मी आमच्या घराचा पत्ता लिहिला. ताईबाईला म्हणाले, "तुमच्या घराचा उतारा अजून दिरांच्या नावावर आहे. कागदाची भानगड होईल. तूर्त माझ्या नावावर करू." यात तथ्य नव्हतं. विजेचं बिल जोडून काम झालं असतं, ते मला प्रशिक्षणातच सांगितलं होतं.

ताईबाईनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तुमी म्हनताय तर."

सहा वर्षं असं चाललं. चटणी तिच्या घरी कुटली जायची. लेबलं मी छापून द्यायचे आणि ती पाकिटांवर चिकटवायची. एकही वाकडं नसायचं. मला वाटायचं, काय हात आहे बाईचा! त्या प्रत्येक लेबलावर माझं नाव होतं.

माल घेऊन ती आमच्या पडवीत यायची. मी चहा द्यायचे, पडवीतच द्यायचे. तिचा कप काही वेगळा नव्हता, हे मी स्वतःलाच मोठ्या अभिमानानं सांगायचे. आत या म्हणून मात्र कधी म्हटलं नाही. सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांना कशाला दुखवायचं, हे माझं ठरलेलं कारण. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं.

एका महिलादिनी इंदापूरला 'ग्रामीण उद्योजिका' म्हणून माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. ताईबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्या शालीची घडी मी आजवर मोडलेली नाही, इतकी तरी लाज मला आहे.

मग गेल्या वर्षी दसऱ्यानंतर फोन आला. दिवाळीची मोठी मागणी होती, आणि अन्न खात्याच्या अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी माझं स्वयंपाकघर पाहायला येणार होत्या. पाकिटावर 'उखळात कुटलेली' असं मीच हौसेनं छापलं होतं. आमचं उखळ परसात होतं, त्यात आम्ही चिमण्यांना पाणी ठेवत होतो.

उखळ घासून आत आणलं आणि मी ओढा ओलांडून ताईबाईकडे गेले. दारातूनच म्हणाले, "उद्या सकाळी आमच्याकडे या. साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर एक घाणा कुटून दाखवायचा."

"पडवीत?"

"नाही, आत."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी ती आली ती स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून, डोक्याला पांढरं फडकं बांधून, घरून आणलेलं मुसळ हातात घेऊन. आतल्या सोप्यात सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "ये गं ताईबाई. वहाणा तेवढ्या भाईर काढ." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगतात. सहा वर्षं मी जिच्या आड लपले होते, ती म्हातारी पुन्हा लसूण सोलायला लागली.

अधिकारी तरुण होत्या, नाव दीप्ती. बोलायला मऊ, पण नजर सगळीकडे. त्यांनी नळ पाहिला, झाकणं पाहिली, माझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून खूश झाल्या. "या तुमच्या कामाला असतात का?" त्यांनी ताईबाईकडे पाहून विचारलं.

"हो," मी म्हणाले. "रोज इथेच कुटतात."

ताईबाईनं उखळापाशी बसून कुटायला सुरुवात केली. दाणे, लसूण, जिरं, तिखट मी आधीच ताटात काढून ठेवलं होतं. मुसळ पडू लागलं तसा घरभर वास सुटला, आणि आमच्या त्या बिनवापराच्या उखळातही दाण्याला तेल सुटलं. मॅडम टक लावून बघत होत्या. मला वाटलं, सुटले.

मग ताईबाईचा हात थांबला. ताटात मीठ नव्हतं. ते शेवटी लागतं हे मला माहीत होतं, पण काढून ठेवायचं राहिलं. तिनं मान वर करून विचारलं, "बाई, मीठ कुठं हाय?"

तिच्या समोरच्या फळीवर, हातभर अंतरावर बरणी होती.

मॅडमनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा ताईबाईकडे, मग माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणाल्या, "सहा वर्षं रोज इथे कुटतात, आणि मीठ कुठे असतं ते त्यांना माहीत नाही?"

शेवटी मी म्हणाले, "चटणी यांच्या घरी होते. ही त्यांचीच चटणी आहे."

"मग मला तिथे न्या," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा मी ताईबाईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. मांजर येऊ नये म्हणून खिडकीला जाळी. पिंपावर झाकण. दाण्यांची पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली फळ्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका खिळ्याला वही टांगलेली, तिच्यात प्रत्येक घाण्याची तारीख. मॅडमनी विचारलं, "हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ह्या बाईंनीच," ताईबाई म्हणाली. "बैठकीत वाचून दाखिवलं हुतं न्हवं? समदं धेनात ठिवलंय मी."

तिनं सगळे नियम पाळले होते. मोडला होता तो एकच, आणि तो मी मोडला होता. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क त्या घरात माझा नव्हता.

मॅडमनी बजावलं, जिथे तयार होतं तिथली नोंदणी नसेल तर माल विकता येणार नाही. चुकीच्या नावाची पाकिटं दुकानातून परत आली. ताईबाईच्या नावानं नवी नोंदणी होईपर्यंत दिवाळी निघून गेली. कुटून ठेवलेला माल तिनं वस्तीत वाटला. माझ्या एका शब्दापायी तिच्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या मागणीवर पाणी पडलं, आणि तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं.

नवं पाकीट घेऊन मी स्वतः बारामतीला गेले. 'ताईबाई श्रीपती, कळस.' दुकानदारासमोर खोटं कबूल केलं. तो म्हणाला, "अहो, तेव्हाच सांगायचं की," आणि पाकीट उलटवून तयार केल्याची तारीख तेवढी बघितली. गावात दोन घरांनी चटणी घ्यायची सोडली, हेही खरं. दोन्ही आमच्या आळीतली आहेत, आणि त्यातलं एक माझ्या सख्ख्या जावेचं.

एवढं होऊनही खरं कारण मी ताईबाईला तोंडानं सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात धीर करून गेले. ती नवी लेबलं चिकटवत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "ताईबाई, उताऱ्याची अडचण नव्हती. तुमचं नाव घातलं तर लोक घेणार नाहीत, असं मला वाटलं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"बसा की," ती म्हणाली. "म्हाईत हाय मला."

मी बसले. गप्प बसवेना म्हणून विचारलं, "त्या दिवशी मिठाची बरणी तुमच्या समोर होती. वर चिठ्ठी होती. दिसली नाही का?"

"दिसली की. 'मीठ' लिवलंय, वाचलं म्या. तुमीच शिकिवलं न्हवं का?"

"मग विचारलंत कशाला?"

"दुसऱ्याच्या घरात इचारल्याबिगर हात लावू न्हाय बाई." तिनं एक लेबल उचललं, पाकिटावर धरलं, अंगठ्यानं दाबून सरळ केलं. "आन ते घर माझं न्हवतं, येवढं त्या मॅडमला कळाय पायजे हुतं."

मी मान खाली घातली. तिच्या तांबूस अंगठ्याखाली तिचं नाव होतं. त्याच अंगठ्यानं सहा वर्षं माझं नाव सरळ केलं होतं. ते तिला वाचता येत नसेल असं मी धरून चालले होते. कशावरून धरलं, ते देव जाणे.

"म्हणजे पाकिटावरचंही..." मी म्हणाले.

"वाचत हुते की," ताईबाई म्हणाली. "रोज."