नव्या रायफलीचा नारळ

मोर्चाची परवानगी मागायला आम्ही पोलीस मुख्यालयात गेलो, तेव्हा शेजारच्या मैदानावर नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीची चाचणी चालली होती. जमादारांनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माणसाच्या आकारात कापलेल्या फळीवर भराभर गोळ्या झाडल्या. बंदुकीला नैवेद्य, आणि तिने मारलेल्याची साधी चौकशीही नाही. अशी आपली भक्ती!

"घ्या मावशी, प्रसाद," खोबरं पुढे करत जमादार म्हणाले.

आमच्यासोबत आलेल्या कमळामावशीचा मुलगा मागच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने गेला. तिने हात पुढे केला नाही.

"जमावावर कमरेखालीच नेम धरतात, असं तुमचे साहेब म्हणाले होते ना, दादा?"

"नियमच आहे तो, मावशी."

ती फळीकडे बघत राहिली. त्या फळीच्या माणसाला कमरेखालचं अंगच नव्हतं.