पुस्तक मिटा, जर्मन बोला

गप्प बसणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारी माणसं घडलं की सांगून मोकळी होतात. आमच्यासारख्यांच्या डोक्यात ते स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे जमत जातात, एकात एक कोंबलेले. एक ओढायला जावं तर सगळा गोळाच बाहेर येतो. परवा एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तू जर्मन कसं काय शिकलीस गं?" आणि तो गोळा आला. त्यातले हे काही. बहुतेक सगळ्यांत वेंधळी ठरलेली व्यक्ती मीच आहे, त्यामुळे कुणाची परवानगी घ्यायचा प्रश्न आला नाही.

आधी परिस्थिती सांगते. माझं लग्न झालं आणि अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत निनाद, म्हणजे माझा नवरा, नोकरीवर जर्मनीला परत गेला. मी इकडे मांजरी गावात, सासू-सासऱ्यांकडे. मला तिकडे जायचं तर जर्मन भाषेची पहिली परीक्षा पास होणं भाग होतं. सर्टिफिकेट नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर संसार व्हिडिओ कॉलवर. म्हणून आठवडाभर खराडीत ऑफिस आणि शनिवार-रविवार सकाळी पेठेत केळकर मॅडमचा क्लास. परीक्षेत लेखी होतं, त्याची फार भीती नव्हती. पण तोंडीही होतं. मला मराठीतसुद्धा तोंडी जमत नाही.

*

केळकर मॅडमच्या क्लासची एक रीत होती. आल्या आल्या त्या म्हणायच्या, "पुस्तक मिटा." मग प्रत्येकाला एक कोरा कागद. मागच्या वेळचं जे आठवतंय ते सगळं लिहायचं, न बघता.

"पुस्तक उघडं असलं की मेंदू म्हणतो, आहे की समोर, मी कशाला उठू? मिटलं की त्याला स्वतः उठून आत जाऊन आणावं लागतं. ते आत जाणं म्हणजे अभ्यास. बाकी नुसतं वाचन."

दुसऱ्याच तासाला मी कोऱ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात नाव लिहिलं. तारीख लिहिली. समास आखला. मग नावाखाली एक रेघ मारली आणि ती सरळ आली नाही म्हणून परत मारली. एवढ्यात वेळ संपला.

मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"अक्षर छान आहे," म्हणाल्या.

*

मी शाळेत नेहमी हुशार मुलींत होते, आणि हुशार मुलींची अभ्यासाची पद्धत माझ्याकडे होती. म्हणजे हायलायटर. महत्त्वाची ओळ पिवळी करायची. घरी बसून पहिला धडा पिवळा केला. दुसरा केला. जर्मनमध्ये मला काहीच येत नसल्यामुळे सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. पानं पिवळीधमक झाली आणि मन अगदी शांत झालं. इतकं रंगवल्यावर येत असणारच.

मॅडमनी माझं पुस्तक उघडलं. दोन-चार पानं उलटली.

"पुस्तकाला हळद लागली म्हणायची."

वर्ग हसला. मीही हसले.

"आता याला घरात बसवा आणि तुम्ही बाहेर पडा," असं म्हणून त्यांनी हायलायटर काढून घेतला. तो अजून त्यांच्याकडेच आहे.

*

नंतर मॅडमनी झोपेबद्दल सांगितलं. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यामुळे जागरणं करू नका. हे मला फार पटलं. त्यातला झोपेचा भाग मी त्याच दिवसापासून अमलात आणला. रविवारी क्लासहून आले की जेवून आडवी व्हायचे, आणि सासूबाई दाराशी आल्या की डोळे न उघडता सांगायचे, "आई, पक्कं करतेय."

आईंनी दोन रविवार मान ठेवला. तिसऱ्या रविवारी त्यांनी परस्पर केळकर मॅडमना फोन केला. आई बँकेतून रिटायर झाल्यात, शंका आली की त्या मुख्य शाखेलाच विचारतात.

पुढच्या तासाला मॅडम माझ्याकडे न बघता फळ्याला म्हणाल्या, "झोपेत पक्कं होतं ते आधी आत काही घातलेलं असेल तर. रिकाम्या कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, भात होत नाही."

*

मग मी घरभर चिठ्ठ्या लावल्या. ही कल्पना इंटरनेटवरची. वस्तूवर तिचं जर्मन नाव चिकटवायचं, येता-जाता दिसत राहतं, आपोआप डोक्यात बसतं. फ्रिजवर, खिडकीवर, कपाटावर, आरशावर, सगळीकडे चिठ्ठ्या. सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत पेपर वाचायचे. त्यांच्या डोक्याच्या जरा वर "खुर्ची" अशी चिठ्ठी होती. आलेले पाहुणे आधी ती वाचायचे आणि मग नमस्कार करायचे.

आणि खरंच, दोन आठवड्यांत मला सगळे शब्द पाठ झाले. न अडखळता.

मॅडमनी विचारलं, घरात दूध कुठे ठेवता? मी पहिल्यांदा आपणहून हात वर केला आणि पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. मी मॅडमकडे बघत राहिले.

"उन्हाळ्यात नासत नाही का?" त्यांनी मराठीत विचारलं.

मी जर्मनमध्ये सांगितलं होतं, की दूध आम्ही खिडकीत ठेवतो आणि कपडे आरशात.

घरी येऊन बघितलं. मी चिठ्ठ्या लावल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईंनी दिवाळीची साफसफाई काढली होती. सगळ्या चिठ्ठ्या नीट काढून, धूळ पुसून, परत लावल्या होत्या.

"कुठली कुठे होती ते काही मला कळेना," आई म्हणाल्या, "म्हणून रंग बघून लावल्या. निळ्या फ्रिजला निळी."

*

मॅडमचं एक तत्त्व होतं, की परीक्षेत जे करायचंय तेच घरी करा. दुकानात जाऊन वस्तू मागायचा प्रश्न असतो, तर घरात कुणाला तरी दुकानदार करा.

बाबा आनंदानं दुकानदार झाले. ते शाळेत गणित शिकवायचे. जर्मनचा गंध नाही, म्हणून मी त्यांना एकच शब्द शिकवला, "नाही" या अर्थाचा. तो त्यांना फार आवडला. एक तर सोपा, आणि दुसरं म्हणजे दुकानदारानं काय बोलावं याबद्दल त्यांच्या काही ठाम कल्पना होत्या.

मी पाव मागितला. नाही. अंडी मागितली. नाही. कॉफी मागितली.

"नाही. आणि दुपारी दुकान बंद असतं," बाबांनी मराठीत जोड दिली.

असं रोज चालायचं. माझी मागायची वाक्यं अगदी घोटून झाली. क्लासमध्ये मॅडम स्वतः दुकानदार झाल्या. मी पुढे गेले आणि स्पष्ट आवाजात पाव मागितला. मॅडम म्हणाल्या, हो, आहे ना, किती देऊ?

याची काहीच प्रॅक्टिस नव्हती. मी आभार मानले आणि जागेवर येऊन बसले.

*

निनाद तिथे तीन वर्षं राहतोय, पण त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. त्यामुळे त्याचं जर्मन बेकरीपुरतं. मात्र सल्ल्यांची कमतरता नाही.

"मधुरा, एकदम बसून करू नकोस. थोडं थोडं कर. विसरायला लागलं की परत बघायचं, तेव्हा सगळ्यात छान बसतं. मी वाचलंय."

"विसरायला लागलंय हे कळणार कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे येतं हे कळतं, विसरलं हे कळतं. विसरायला लागलंय ते कधी कळतं?"

त्यानं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "तू इथे आल्यावर बोलू."

परीक्षा महिन्यावर आली होती. कॉलवर त्याच्या मागे भिंतीवर एक खिळा दिसायचा, लग्नाचा फोटो लावायला ठोकलेला. फोटो माझ्या बॅगेत होता.

*

खरा अभ्यास झाला तो सकाळी पोळ्यांच्या वेळी. ऑफिसला निघायच्या आधी मी लाटायचे आणि आई शेकायच्या. मी जर्मन प्रश्न कार्डांवर देवनागरीत लिहून ठेवले होते. आई ओट्याला टेकून एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात कार्ड घेऊन विचारायच्या, आणि मी लाटता लाटता उत्तर द्यायचे. तुमचं नाव काय, कुठे राहता, घरी कोण कोण असतं, फावल्या वेळात काय करता. एका उत्तराला एक पोळी. अडले की लाटणं थांबायचं, उत्तर येईपर्यंत आई उलथनं लावायच्या नाहीत आणि तव्यावरची जळायची.

"बोल पटकन, धूर निघाला," आई म्हणायच्या. केळकर मॅडमच्या कुठल्याही तत्त्वापेक्षा हे जास्त लागू पडलं.

बाबांना ताटात निकाल कळायचा. काळी पोळी उचलून ते विचारायचे, "आज फावला वेळ अवघड गेला वाटतं?"

हळूहळू पोळ्या गोऱ्या झाल्या. शेवटी शेवटी तर मी सगळी उत्तरं अशी धडाधड देत होते, की आई म्हणाल्या, "झालं तुझं. आता कणीक वाया घालवू नकोस."

त्याच आठवड्यात क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. मॅडमनी नाव विचारलं. मला माझं नाव आठवेना. म्हणजे नाव आठवत होतं, पुढचं काही येईना.

"घरी येतं का?"

"हो. अगदी सगळं."

"छान. मग घरी व्हिसा देतात का बघा."

तास संपल्यावर मात्र त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, जिथे शिकतो ती जागा मेंदू शिकलेल्याला चिकटवून ठेवतो. एकाच जागी केलं तर तिथेच येतं. जागा बदला. बागेत करा, जिन्यात करा, बसमध्ये करा.

*

म्हणून बसमध्ये करायला लागले. खिडकीशी बसून, ओठ हलवत, मांजरी ते पेठ. एका रविवारी शेजारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ताई, मंत्र म्हणताय का?"

नाही म्हणायचं तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं, आणि मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. मी मान हलवली.

"मग आमच्या पोरीच्या नावानं बी म्हणा की एक. दोन वर्सं झाली, स्थळ जमंना."

मी घरात कोण कोण असतं ते उत्तर मुलीच्या नावानं, शेवटपर्यंत, मनापासून म्हटलं. बाईंनी हात जोडले. उतरताना मला दोन गाजरं दिली.

*

आणि मग परीक्षा.

खोलीत टेबलापलीकडे दोघं. एक तरुण मुलगा, तो नुसते मार्क लिहीत होता. दुसऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई, कडक कॉटनची साडी, चेहऱ्यावर काही नाही. खोलीत जर्मनखेरीज एक शब्द बोलायचा नाही, असं बाहेर बजावलेलं. त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, स्वतःची ओळख करून द्या.

आणि काही नाही. बाग नाही, जिना नाही, बस नाही. केळकर मॅडमच्या दुसऱ्या तासाचा तो कोरा कागद, त्यावर समाससुद्धा नाही. बाई वाट बघत होत्या. मुलानं पेन टेकवलं. मला भिंतीवरचा तो खिळा दिसायला लागला.

टेबल गुळगुळीत होतं. माझे हात कधी त्यावर गेले मला माहीत नाही. दोन्ही मुठी जराशा पुढे गेल्या, मागे आल्या. परत पुढे गेल्या. आणि नाव आलं.

मग गाव आलं. मांजरी आली. सासू-सासरे आले, नवरा कुठे आहे ते आलं, फावला वेळ आला. मी एक पोळी फिरवली, थोडं पीठ लावलं, दुसरी घेतली. मुलाचं पेन थांबलं होतं. बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मला थांबता येईना, कारण थांबलं की धूर निघतो.

पुढचा प्रश्न वस्तू मागायचा. चित्र पेनचं होतं. मी एका हातानं लाटत पेन मागितलं. बाई म्हणाल्या, हो, घ्या ना, आणि स्वतःचं पेन पुढे केलं. या वेळी मी पळाले नाही. पेन घेतलं, आभार मानले आणि पर्समध्ये टाकलं.

संपलं. मी हात झटकले, उठले, दारापर्यंत पोहोचले.

"अहो," मागून शुद्ध मराठीत आवाज आला.

मी वळले.

"माझं पेन."

मी परत येऊन पेन दिलं. त्यांनी ते नीट टोपण लावून ठेवलं. मग तोच चेहरा.

"आणि गॅस बंद करा. पोळपाट मात्र इथूनच घेऊन जा, तिकडे धड मिळत नाही."